कप्पा आधी, कॅबिनेट नंतर: टीव्हीखालच्या छोट्या पीसीसाठी खोकं कसं निवडायचं

टीव्ही युनिटच्या कप्प्याची मी रुंदी मोजली, उंची मोजली आणि डेप्थ मोजायची राहिली. तेव्हा कप्प्यात जुना डीव्हीडी प्लेअर, तीन रिमोट आणि निवृत्त झालेला राउटर होता. टेप मागच्या प्लायपर्यंत जाईना. "असेल की सोळा-सतरा इंच," असं म्हणून कॅबिनेट मागवलं. ते आलं, कप्प्यात गेलंही. मग मागे एचडीएमआयची केबल खोचली आणि खोकं पुढून जवळपास एक बोट बाहेर आलं. सुतारानं हौसेनं लावलेलं काचेचं दार तेव्हापासून आजतागायत लागलेलं नाही.

ही चूक पुढे माझ्या पथ्यावर पडली, पण ते नंतर.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. टीव्हीला कायमचा जोडून ठेवलेला, सोफ्यावर बसून रिमोटनं चालवायचा संगणक म्हणजे होम थिएटर पीसी. टीव्ही स्मार्ट असताना हा कशाला, असं घरचे विचारतातच. खरं उत्तर असं, की नुसतं ओटीटी बघायचं असेल तर नकाच घेऊ. बरीच ओटीटी ॲप्स संगणकावर ४के सहज देत नाहीत, टीव्हीतलं ॲप मात्र मुकाट्यानं देतं. हा पीसी लागतो तो स्वतःच्या साठ्यासाठी. आमच्याकडे लग्नामुंजीच्या कॅसेटींवरून उतरवलेले व्हिडिओ आहेत, वडिलांच्या नाट्यसंगीताच्या फाइली आहेत, पंधरा वर्षांचे फोटो आहेत. हे सगळं कोडीसारख्या प्रोग्रॅममध्ये पोस्टरांसकट नीट मांडता येतं. २००२ मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेअर म्हणून सुरू झालेल्या या प्रोग्रॅमला कोडी हे नाव २०१४ मध्ये मिळालं.

आता खोकं. आमच्या घरात त्याला अजून "सीपीयू" म्हणतात, दुकानात "कॅबिनेट". मी कॅबिनेटच म्हणेन.

कॅबिनेट किती छोटं, हे लिटरमध्ये मोजतात. बाहेरची तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, हजारानं भागा. साधा टॉवर २१ × ४५ × ४६ सेंटिमीटर धरला तर ४३ लिटर भरतो, म्हणजे ऑफिसातले पाण्याचे दोन जार आणि वर थोडं. छोटी कॅबिनेटं म्हणतात ती साधारण २० लिटरच्या आतली, एका जाराएवढी. टीव्हीखाली आडवी सरकवायची ती बहुधा १० लिटर किंवा त्याहून कमी. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड २०२ हे या जातीचं नावाजलेलं कॅबिनेट ३७७ × ३३० × ८२ मिलिमीटरचं आहे, म्हणजे १०.२ लिटर. ॲझरॉकचं डेस्कमिनी एक्स३०० तर १५५ × १५५ × ८० मिलिमीटर, दोन लिटरपेक्षाही कमी. एवढा आमचा कुकरसुद्धा छोटा नाही.

हे माप मुळात ठरतं मदरबोर्डवरून, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावरून. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७०, म्हणजे हातभर नाही, वीतभरसुद्धा नाही. मिनी-आयटीएक्स व्हिया कंपनीनं २००१ मध्ये आणला आणि टीव्हीखालच्या पीसीची आजची बहुतेक बाजारपेठ त्या चौकोनावर उभी आहे. त्याची एक अडचण अशी की तो आकारानं छोटा आणि किमतीनं मोठा. त्याच कामाचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड बहुधा स्वस्त पडतो. कप्पा ऐसपैस असेल तर उगाच छोट्याचा हट्ट धरू नये.

म्हणून सुरुवात कप्प्यापासून. माझा कप्पा शेवटी सगळं बाहेर काढून मोजला तेव्हा निघाला २० इंच रुंद, ७ इंच उंच आणि १५ इंच डेप्थचा. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. ३३० मिलिमीटरचं कॅबिनेट त्यात आरामात बसायला हवं, नाही का? पण एचडीएमआयची पिन कॅबिनेटच्या मागून सरळ बाहेर येते, मग केबल वळते. या पिनेला आणि वळणाला पाच-सहा सेंटिमीटर लागतातच. ३३० अधिक ६० म्हणजे ३९०. गेले माझे नऊ मिलिमीटर, वर हवेसाठी सोडायची जागा वेगळीच. काटकोनातली एचडीएमआय पिन मिळते, तिनं थोडं वाचतं. पण ती वरच्या बाजूला वळते की खालच्या, हे बघून घ्या, नाहीतर ती शेजारच्या यूएसबीच्या छाताडावर बसते.

हवेचा हिशेब

खरा विषय इथे सुरू होतो. पेटीतले भाग बसले की काम झालं असं वाटतं, पण पेटीला लागणारी जागा म्हणजे पेटी अधिक तिची हवा.

संगणकात गेलेली वीज जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. समजा जोरात काम करताना आपला पीसी ६० वॅट घेतो. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला साधारण ५ लिटर हवा बदलावी लागते. म्हणजे दहा लिटरच्या कॅबिनेटमधली सगळी हवा दर दोन सेकंदांनी नवी. हे कॅबिनेटचं झालं. माझ्या कप्प्याचं आकारमान ३४ लिटर. दार बंद केलं आणि मागे प्लाय असला, तर पंखा सात सेकंदांत कप्प्यातली सगळी हवा एकदा गिळून गरम करून सोडणार आणि मग तीच पुन्हा गिळणार. मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये संध्याकाळी ३५ अंश असतात. कप्प्यात किती होत असतील ते हात घातल्यावर कळतं.

म्हणून म्हटलं, दार न लागण्याची चूक पथ्यावर पडली. त्या बोटाएवढ्या फटीनं माझा पीसी पहिला उन्हाळा तगला.

युनिट करताना सुतार वायरींसाठी मागच्या प्लायला एक गोल भोक पाडून देतो. ते ६० मिलिमीटरचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर भरतं, आणि त्यातलं निम्मं वायरींनीच भरलेलं असतं. कॅबिनेटवरच्या १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड मात्र शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं. एवढ्या मोठ्या तोंडाला स्ट्रॉनं श्वास घ्यायला लावल्यासारखं आहे हे. सुताराला परत बोलावून मागच्या प्लायचा वहीएवढा तुकडा कापून घ्या. पाठीमागे भिंतच आहे, कोणाला दिसत नाही. हे काम कुठल्याही महागड्या कॅबिनेटपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

कॅबिनेट निवडताना जाळी कुठल्या बाजूला आहे ते बघा. आडव्या कॅबिनेटांत बहुतेक वेळा प्रोसेसरच्या बरोबर वर झाकणाला जाळी असते आणि पंखा तिथून हवा ओढतो. कागदावर ही रचना उत्तम आहे. आमच्या घरी मात्र एका रविवारी रात्री सिनेमाच्या ऐन शांत प्रसंगात टीव्हीखालून मिक्सर सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला. उठून पाहिलं तर झाकणावर क्रोशाचा रुमाल, त्यावर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर छोटा पितळी गणपती. आईला म्हटलं, "अगं, त्याला श्वास घ्यायला जागा ठेव." ती म्हणाली, "धूळ बसत होती रे त्या भोकांतून. म्हणून झाकलं." तिचंही चुकलं नव्हतं. पुण्यात एक तरी रस्ता कायम खणलेला असतो आणि वरच्या जाळीतून धूळ सरळ बोर्डावर पडते.

त्यामुळे हवा आत घेणारी जाळी बाजूला किंवा पुढे असेल आणि तिला हातानं काढून धुता येईल असा फिल्टर असेल, तर ते कॅबिनेट आपल्या घरांसाठी बरं. खालून हवा ओढणारं असेल तर त्याचे पाय किती उंच आहेत ते पाहा. पाच मिलिमीटरच्या रबरी बुटक्या पायांवर खालची जाळी शोभेपुरतीच राहते.

आवाज

पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो आणि १० डेसिबल कमी म्हणजे कानाला जवळपास अर्धा. म्हणजे मोठा पंखा हळू फिरवणं हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. सर्वात बारीक कॅबिनेटांचं खरं दुखणं हेच आहे. जागा नसल्यानं त्यांत ४० मिलिमीटरचे पंखे बसवतात. ते मिनिटाला काही हजार फेऱ्या मारतात आणि डासासारखे गुणगुणतात. दिवसा ऐकू येत नाही. रात्री अकराला खालचा रस्ता झोपला की त्याशिवाय काही ऐकू येत नाही.

यातून सुटायला बिनपंख्याची कॅबिनेटं असतात. अख्खी पेटी जाड ॲल्युमिनियमची, बाजूंना पन्हाळीसारख्या पट्ट्या, आणि प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांनी त्या पट्ट्यांपर्यंत नेलेली. स्ट्रीकॉम आणि एचडीप्लेक्स ही या प्रकारातली जाणकारांमधली नावं. दिसायला देखणी, आवाज शून्य. पण पेटीभोवती मोकळी हवा खेळती असेल तरच त्यांचं चालतं. बंद कप्प्यात ठेवली तर तापलेला तवा ठेवल्यासारखंच. युनिटच्या वर, उघड्यावर ठेवणार असाल तर विचार करा आणि त्यावर रुमाल येणार नाही याची हमी घरातून लेखी घ्या.

आत काय, त्यावर बाहेर काय

पहिला प्रश्न वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा. माझं उत्तर: गेम खेळायचे नसतील तर नको. सिनेमा दाखवायचं काम आता प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स करतं. फक्त दोन गोष्टी तपासा. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ आता एव्ही-वन या पद्धतीनं आवळलेले असतात. ते उलगडायची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरांत आहे, रायझन ५ ५६००जी मध्ये नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, तो घेऊन घरी आलात तर टीव्ही काळाच राहील. दुसरं, बोर्डावरचं एचडीएमआय १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं. ६० हवं तर २.० किंवा त्यापुढचं.

कार्ड नको म्हटलं की कॅबिनेट एकदम आक्रसतं. कार्ड हवंच असेल तर दोन वाटा. एक, बुटकं म्हणजे लो-प्रोफाइल कार्ड. त्याची पट्टी सुमारे ८० मिलिमीटरची असते, नेहमीच्या कार्डाची १२०. दुसरी वाट रायझर केबलची: पट्टीसारखी केबल घेऊन कार्ड बोर्डाला समांतर झोपवायचं. नोड २०२ मध्येही कार्ड असंच झोपवतात, फक्त केबलऐवजी रायझरच्या छोट्या बोर्डावर. रायझर जुन्या पिढीची आणि कार्ड नव्या पिढीचं असेल तर स्क्रीन काळी राहू शकते. तेव्हा कार्डाला शिव्या न देता बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन कार्डाच्या स्लॉटचा वेग एक पिढी खाली आणावा.

दुसरा प्रश्न एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला चालेल अशी करून देणाऱ्या डब्याचा, आणि इथे लोक सर्वात जास्त फसतात. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच. ८२ मिलिमीटरच्या कॅबिनेटमध्ये तो उभ्या जन्मात बसणार नाही. छोट्यांसाठी एसएफएक्स असतो, १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा. त्याहून चिंचोळे टीएफएक्स आणि फ्लेक्स हे प्रकार आहेत, पैकी फ्लेक्समध्ये तोच ४० मिलिमीटरचा डास असतो. तेव्हा आधी जुना एसएमपीएस "चालेल की" म्हणून बाजूला ठेवू नका, कॅबिनेटच्या माहितीत कुठला प्रकार लिहिलाय ते वाचा. स्वस्त कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळत असेल तर तो हातात घेऊन बघा. पिसासारखा हलका लागला तर कॅबिनेट घ्या, तो तिथेच ठेवा.

मला स्वतःला सर्वात आवडतो तो तिसरा मार्ग: लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर. कार्ड नसलेल्या पीसीला १२० वॅटचा ॲडॅप्टर पुरतो. वीज बदलताना होणारी उष्णता पेटीच्या बाहेर राहते, पेटी छोटी होते, एक पंखा वाचतो. डेस्कमिनी याच पद्धतीवर चालतं. ॲडॅप्टर बिघडला तर तेवढाच बदलायचा.

जाता जाता एक. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, मग इन्व्हर्टर. वीज गेल्यावर एसएमपीएस साठवलेल्या जोरावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा झाला की पीसी बंद. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर तो मोड चालू ठेवा, त्यात तो लवकर जागा होतो.

तिसरा प्रश्न कूलरच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवायला त्यावर बसवतात त्या पंख्याच्या ठोकळ्याच्या उंचीचा. कॅबिनेटच्या माहितीत ही मर्यादा लिहिलेली असते. नोड २०२ ची ५६ मिलिमीटर आहे. एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांबरोबर येणारा रेथ स्टेल्थ ५४ चा, म्हणजे दोन मिलिमीटरनं वाचला. त्याहून बारीक पेटीत नॉक्टुआचा एनएच-एल९ हा ३७ मिलिमीटरचा कूलर लोक वापरतात. बुटका कूलर म्हणजे कमी ताकद, त्यामुळे प्रोसेसरलाही आवर घालायचा. डब्यावर ६५ वॅट लिहिलेला आय५-१२४०० जोर लावतो तेव्हा ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बायोसमध्ये ६५ ची मर्यादा घालून टाका. सिनेमा बघताना काडीचा फरक जाणवत नाही, पंखा मात्र गप्प बसतो.

हार्ड डिस्क शक्यतो पेटीत नकोच. साडेतीन इंची डिस्क फिरताना थरथरते आणि प्लायचा कप्पा ती थरथर तबल्यासारखी वाढवून ऐकवतो. पेटीत एक एम.२ एसएसडी, म्हणजे बोर्डावरच बसणारी, काही न फिरणारी डिस्क, आणि फाइलींची मोठी डिस्क आतल्या खोलीत राउटरशेजारी.

रिमोटचं एक छोटंसं गुपित सांगतो. रिमोटसारख्या वापरायच्या बिनतारी कीबोर्डचा डोंगल, म्हणजे त्याचा छोटा रिसीव्हर, मागच्या निळ्या यूएसबीत खोचला की बटणं अडखळतात. यूएसबी ३ च्या कामाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि डोंगल तिथेच बोलतो. वर पेटी पत्र्याची. पुढच्या बाजूला एक यूएसबी असलेलं कॅबिनेट घ्या, किंवा फूटभर एक्स्टेन्शन केबलनं डोंगल पुढे आणा.

आता खरेदी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी चार दुकानं फिरलो तेव्हा तिथे काचेची, रंगीत दिव्यांची टॉवर कॅबिनेटंच समोर होती. एक दुकानदार म्हणाला, "साहेब, याच पैशात दुप्पट मोठं देतो, छोटं कशाला घेता?" त्याच्या बाजूनं बरोबरच होतं, लिटरमागे भाव लावला तर छोटं कॅबिनेट नेहमी महागच. ही बहुतेक ऑर्डर देऊन मागवावी लागतात. न बघता मागवायचं म्हणजे मापावरच विश्वास.

म्हणून गेल्या महिन्यात कोथरूडला ताईकडे पीसी ठरवताना मी आधी पुठ्ठ्याचं खोकं केलं. मनातल्या कॅबिनेटच्या मापाचं, मागे एचडीएमआयच्या जागी सहा सेंटिमीटरची काडी चिकटवलेली. तिच्या युनिटच्या कप्प्यात ठेवलं आणि सांगितलं, आठवडाभर हात लावू नका. डेप्थ पुरली, काडी भिंतीला टेकली नाही, दारही लागलं. मी खूश.

आठवड्यानं गेलो तर खोक्यावर सेट-टॉप बॉक्स होता, त्यावर भावोजींचा चष्मा, विजेचं बिल आणि अर्धी उघडलेली बडीशेपेची डबी. ताई म्हणाली, "अरे, जागा छान झाली रे ठेवायला." मी झाकणावर जाळी असलेलं मॉडेल यादीतून खोडलं आणि दोन्ही बाजूंना जाळी असलेलं मागवलं.